फीत घरी ठेवून या, सायेब

गोवर्धन ढोके बोरखडीच्या फाट्यावर मोटारसायकल वळवायचे, पण त्यांची बातमी त्यांच्या आधी गावात पोचायची. पानठेल्यावरून कोणी तरी आवाज द्यायचा, "कृषीवाले सायेब आले बावा!" की झालं. ज्याच्या त्याच्या मागे एकदम महत्त्वाची कामं लागायची. कोणाची म्हैस सुटायची. कोणाची सासू दवाखान्यात भरती व्हायची, मग ती बिचारी समोरच ओट्यावर तूर निवडत बसलेली का असेना. सरपंच पुंजाजी तर एकदा एप्रिलच्या दुपारी चादर ओढून पडले आणि म्हणाले, "मले हिव वाजून राहिलं." बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता.

आता गंमत बघा. याच माणसाला सकाळी सहा वाजता फोन करून "सायेब, बोंडअळी दिसून राहिली, काय मारू?" असं विचारताना याच लोकांना कधी लाज वाटली नाही. कृषी खात्यात तेहतीस वर्षं काढलेला, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली निम्मी वावरं पायाखाली घातलेला हा माणूस. कोणाच्या विहिरीला खारं पाणी, कोणाच्या संत्र्यावर कोळशी, कोणाची पोरगी बी.एस्सी. ॲग्रीला लागली, सगळं तोंडपाठ. लग्नाची पत्रिका द्यायला लोक अमरावतीपर्यंत त्यांच्या घरी यायचे. म्हणजे माणूस नकोसा नव्हता. नकोशी होती ती योजना.

योजना अगदी सरळ होती. दोन वावरांच्या मधली हद्दीची जी पट्टी असते, तिला आपल्या वऱ्हाडात धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर झाडं लावायची. रोपं सरकारची, खड्ड्यांचा खर्च सरकारचा, तीन वर्षं झाडं जगवण्याचे पैसेही सरकारचे. झाडं मोठी झाली की वारा अडेल, माती धरून ठेवली जाईल, उन्हाळ्यात बैलाला आणि माणसाला सावली मिळेल. अट काय, तर धुरा किमान सहा फूट रुंद पाहिजे आणि शेजाऱ्याची संमतीची सही पाहिजे. एवढंच. आणि तरी बोरखडीतून दोन वर्षांत आलेले अर्ज किती? शून्य. तालुक्याच्या बैठकीत तक्ता वाचला जायचा तेव्हा बोरखडीच्या ओळीला गोवर्धन सायेब खाली बघून उगाच पेनाचं टोपण काढायचे-लावायचे.

हातपाय कमी हलवले होते असंही नाही हो. फ्लेक्स लावले. शाळेतल्या पोरांची फेरी काढली. मारुतीच्या पारावर पडदा बांधून फिल्म दाखवली. फिल्म सगळ्यांनी बघितली, चिवडा खाल्ला, टाळ्या वाजवल्या, आणि अर्जाचे कागद बाहेर निघाले तसे सगळे एकदम उठले. पालथ्या घड्यावर पाणी! सायेबांना वाटायचं, लोकांना झाडांचं महत्त्व कळत नाही. मग ते पुन्हा महत्त्व सांगायचे.

येत्या सप्टेंबरात गोवर्धन सायेब रिटायर होणार होते. निरोपाचा नारळ, शाल, सगळं ठरल्यासारखं होतं. पण त्यांच्या जिवाला एकच लागून राहिलं होतं. बोरखडीचा एक तरी धुरा हिरवा करून मग घरी बसायचं. एक तरी! तेहतीस वर्षं या मातीचं मीठ खाल्लं आणि जाताना शून्य टाकून जायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

त्या एप्रिलात एका दुपारी ते माणिकबाईच्या विहिरीवर बसले होते. माणिकबाई चर्जन म्हणजे गावातली एकटीच बाई, जी सायेब आले म्हणून कधी पळाली नाही. पळायला तिला वेळच नव्हता. नवरा वारल्यावर बारा वर्षं दोन एकरांत वांगी, दोडकी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून नांदगावच्या बाजारात विकत आलेली बाई ती. साठीची, काळीसावळी, आणि जीभ अशी की व्यापारी भाव पाडायच्या आधी दोनदा विचार करायचा. तिने पाण्याचा लोटा पुढे केला आणि पाहिलं, तर सायेबांचा डबा उघडा आणि भाकर तशीच.

"कावून जेवून नाई राहिले? घरवालीनं, गोदावरीबाईनं, भाजीत मीठ नाई टाकलं काय?"

"टाकलं हो. पण घशाखाली उतरून नाई राहिलं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. शून्याचं, सप्टेंबरचं, पुंजाजींच्या हिवाचं. ऐकता ऐकता माणिकबाई हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून हसली, मग पदर सोडून हसली.

"सायेब, एक गोठ सांगू? राग नाई ना येणार?"

"सांगा."

"थे फीत घरी ठेवून येत जा."

गोवर्धन सायेबांनी खांद्याकडे पाहिलं. चामड्याच्या गोल डब्यातली, तीस मीटरची, पितळी मुठीची मोजायची फीत पट्ट्याने खांद्याला लटकत होती. नोकरी लागली तेव्हापासून ती त्यांच्या अंगाला होती. तिच्यामुळे आपण कामाचे माणूस दिसतो, अशी त्यांची मनापासून समजूत होती.

"फीत? तिनं काय केलं कोणाचं?"

"अवो, तिनंच तं सारं केलं! या इकडे, दाखवतो." ती त्यांना ओढत वावराच्या कडेला घेऊन गेली. "हा पाहा माहा धुरा. तिकडे देवमनचं वावर, इकडे माहं. माहा नवरा होता तवा याच्यावरून बैलगाडी जाये. आता? साप निंघाला तं त्याले बी तिरपं चाला लागते."

खरंच हातभर उरला होता धुरा. त्यावर कुंदा आणि दोन तरोट्याची रोपं कशीबशी तग धरून होती.

"कोणी खाल्ला मंग? देवमननं?"

"अर्धा देवमननं, अर्धा म्या." बाईच्या चेहऱ्यावर लाज औषधाला नाही. "चार-पाच सालाआड नांगरताना एक तास. थो तिकून दाबे, म्या इकून दाबो. त्याचा ट्रॅक्टरवाला येगळा, माहा येगळा. दोघायले बी आमी सांगो, जरासा दाबून घे बापा. गावात एक धुरा साबूत नाई, सायेब. साऱ्यायनं खाल्ला, अन् साऱ्यायले मालूम हाय. आपलं ठेवा झाकून अन् दुसऱ्याचं पाहा वाकून! आता अशा गावात तुमी खांद्यावर फीत टांगून येता. लोकायले वाटते, आला बावा मोजणीवाला. एकडाव फीत लागली का कोणाच्या पोटात किती गेलं थे बाहीर निंघते. अन् तुमचा थो फारम! शेजाऱ्याची सही पाह्यजे म्हणे. ज्याचा धुरा खाल्ला, त्याच्याच दारी सही मागाले जाईन कोण?"

नांगराची एक सरी, म्हणजे तास. हातभर रुंदीची ती सरी, कधी इकडून, कधी तिकडून. गोवर्धन सायेब शेतकऱ्याच्या पोटी जन्मले होते. त्यांना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पण अर्जात रुंदीचा रकाना छापलेला होता आणि रकाना आहे म्हणजे रुंदी असणारच, असं तेहतीस वर्षांच्या नोकरीने त्यांना शिकवलं होतं. झाडांचं महत्त्व गावाला कधीच पटलेलं होतं. दोन वर्षं सायेब भलत्याच दुखण्याला लेप लावत बसले होते.

"मंग करावं काय?" त्यांनी अगदी पोरासारखं विचारलं.

माणिकबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमचं सोताचं वावर हाय ना अकोल्याकडे? तुमच्या धुऱ्यावर किती झाडं लावले?"

गोवर्धन सायेबांनी पायाशी उगवलेला कुंदा उपटला. मग हळूच म्हणाले, "एक होतं."

"मंग?"

"पडलं."

बाई हुशार. तिने पुढे खोदलं नाही. "पयले तुमचा धुरा लावा, सायेब. फोटो आणून दाखवा. मंग माही सही घ्या, देवमनची मी पाहून घेतो. अन् थे फीत माह्यापाशी ठेवून जा."

"अहो, सरकारी आहे ती!"

"मी का खातो काय तिले?" म्हणत तिने फीत त्यांच्या खांद्यावरून उतरवूनच घेतली.

मोटारसायकलवर बसले तेव्हा सायेबांचा उजवा खांदा हलका लागत होता आणि छातीवर मात्र धोंडा होता. कारण माणिकबाईने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं, जिथे चौदा वर्षं त्यांनी कोणाला ठेवू दिलं नव्हतं.

त्यांचं गाव कवठाळी. अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरच्या अलीकडे. नऊ एकरांचं वावर बाबांनी हयातीतच दोन पोरांत वाटलं. थोरले खुशालराव, धाकटे गोवर्धन. वाटणीच्या दिवशी बाबांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि टाचेला अंगठा लावत अनवाणी पावलांनी मधला धुरा मोजला. आठ पावलं भरली. त्याच्या मधोमध त्यांनी स्वतः लावलेला कडुनिंब होता. बाबा म्हणाले, "साडेचार तुहे, साडेचार त्याचे. धुरा मातर दोघायचा बी नाई. थो निंबाचा."

बाबा गेले. गोवर्धन नोकरीला, त्यांचं वावर श्याम नावाचा माणूस ठोक्याने, म्हणजे वर्षाला ठरलेली रक्कम देऊन, करायचा. खुशालराव गावातच, स्वतः राबायचे. कधी श्यामने एक तास दाबला, कधी खुशालरावांनी. एका उन्हाळ्यात गोवर्धन गावी गेले तर धुरा निम्मा झालेला. आणि तेव्हा या शहाण्या माणसाने काय केलं? खांद्यावरची फीत काढली, एक टोक श्यामच्या हातात दिलं आणि भर दुपारी, साऱ्या शिवारादेखत, सख्ख्या भावाचं वावर मोजलं. खुशालराव बांधावर उभे राहून बघत होते. फीत म्हणाली, अडीच फूट थोरल्याने खाल्ले, दीड फूट श्यामने.

फीत खरं बोलली होती, यात शंका नाही. पण खुशालराव एवढंच म्हणाले, "भावाच्या वावरात फीत लावली तुनं, गोवर्धन." आणि वळून गेले. त्यानंतर बोलणं बंद. लग्नं झाली, मयती झाल्या, दोघं एका मांडवात दोन टोकांना बसले. चार वर्षांनी वैशाखातल्या वादळात कडुनिंब पडला. दोन्हीकडून कोरून कोरून मुळं उघडी पडलेली, तो टिकणार तरी कशाच्या जोरावर? तो आडवा पडला तो अर्धा याच्या वावरात, अर्धा त्याच्या. लाकूड कोणी नेलं नाही. जो नेईल तो धुऱ्यावर हक्क सांगतो असं दुसऱ्याला वाटेल ना! बाबांच्या हातचं झाड दोघांच्या डोळ्यांसमोर वाळवीने खाल्लं.

गावोगाव जाऊन लोकांना "धुऱ्यावर झाडं लावा" सांगणाऱ्या माणसाची ही कहाणी. लोका सांगे ब्रह्मज्ञान! सायेबांना ते कळत नव्हतं असं नाही. पण काही गोष्टी माणूस इतक्या आत ठेवतो की त्या आपल्याच आहेत हेही विसरतो.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला, गोदावरीला, सांगितलं. ती अमरावतीची, वकिलाची लेक, शब्द जपून वापरणारी. तिने ताटात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाली, "कुरड्या केल्यात यंदा. भाऊजींना आवडतात. डबा भरून देते."

"मी जातो असं कुठं म्हटलं?"

"मी तरी कुठं विचारलं?" ती म्हणाली.

पुढच्या रविवारी सायेब कवठाळीला खुशालरावांच्या घरी पोचले तेव्हा सकाळचे नऊ झाले होते. थोरले भाऊ ओसरीत बसून दोर वळत होते. सत्तरीकडे झुकलेले, पाठ जरा वाकलेली. गोवर्धन दारात उभे राहिले. चौदा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय बोलायचं ते एसटीत तीनदा घोकलं होतं, ते ऐनवेळी पार पुसलं गेलं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"भाऊ, कुरड्या आणल्या."

खुशालरावांनी वर पाहिलं. पहिली नजर तोंडाकडे गेली नाही, ती गेली उजव्या खांद्याकडे. खांदा मोकळा होता.

"ठेव," ते म्हणाले आणि दोर वळत राहिले. वयनी आतून धावत आली, "अगो बाई, भाऊजी!" म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून पाणी आणायला पळाली. गोवर्धन पायरीवर टेकले. त्यांनी धुऱ्याचं सांगितलं. म्हणाले, "मी माह्याकडून दोन तास सोडून राहिलो, भाऊ. यंदापासून. तिथं झाडं लावतो. निंबाच्या जागी निंब लावतो. तुह्याकडचं काही मागत नाई मी."

"लाव," खुशालराव म्हणाले. "तुहं वावर, तुहे झाडं. मले काय कराचं हाय?"

बस. चहा झाला. निघताना गोवर्धननी भावाच्या पायाला हात लावायला वाकून बघितलं, तर भाऊ दोराचा पीळ धरून तसेच उठून आत गेले. एसटीत बसल्यावर या सत्तावन्न वर्षांच्या माणसाला रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं डोळ्यात काही गेलं. तिने फुंकर मारायची तयारीसुद्धा दाखवली.

तरी बोललेलं केलं. मे महिन्यात श्यामला उभं राहून सांगितलं, दोन तास सोड. श्यामला वाटलं सायेबांच्या डोक्याला ऊन लागलं. तो म्हणाला, "वावर खाणारे पाह्यले सायेब, वावर ओकणारा आज पाह्यला." दोन तास सुटले. धुरा वाढून पाच फुटांच्या आसपास गेला. योजनेला सहा लागत होते. म्हणजे गोवर्धन सायेबांचा स्वतःचा अर्ज त्यांच्याच योजनेच्या नियमाने नामंजूर झाला असता!

फोटो घेऊन ते माणिकबाईकडे गेले. तिने मोबाइल लांब धरून, जवळ धरून पाहिला. एका अंगाला काळी नांगरलेली माती, मग सोडलेली पट्टी, मग जुना हातभर धुरा, आणि त्याला चिकटून भावाचं वावर.

"हा तं अर्धाच झाला."

"अर्धाच झाला," सायेब म्हणाले. "उरलेला माह्या हातात नाई, माणिकबाई."

"भाऊ?"

त्यांनी मान हलवली. बाईने बोटांनी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. मग मोबाइल परत देत म्हणाली, "तुमी जा आता. आठा दिसानं या."

त्या आठ दिवसांत बोरखडीत काय झालं ते पुढे पुंजाजींनीच सांगितलं. माणिकबाईने आपल्या बाजूचे दोन तास सोडले आणि भल्या सकाळी देवमनच्या दारात जाऊन उभी राहिली. देवमनला वाटलं भांडायला आली. त्याने आधीच आवाज चढवला. ती म्हणाली, "वरडू नको. बारा सालं तुहा धुरा खाल्ला म्या. आता पचत नाई. दोन तास सोडले, जाऊन पाहून ये." देवमन जाऊन पाहून आला. बायको म्हणाली जेवा, तर जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या ट्रॅक्टरवाल्याने वखर फिरवला तेव्हा देवमनच्या बाजूचेही दोन तास सुटलेले होते. सायेब गेले तेव्हा माणिकबाई स्वतः हाताने धुरा मोजून दाखवत होती, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. "एक, दोन, तीन, चार, अन् हा साडेचार हात. लिवा सायेब, पावनेसात फूट. जास्त हाय, कमी नाई."

"फीत आणा ना, मोजून घेतो नीट."

"फीत?" बाईने दोडक्याच्या मांडवाकडे बोट दाखवलं. दोन खुंटांच्या मध्ये सरकारी फीत ताणून बांधलेली होती आणि दोडक्याचा वेल तिच्यावरून चढून चार मीटरच्या खुणेपर्यंत पोचला होता. "आता सोडवली तं वेल तुटन. फळ धरून राहिलं."

सायेबांनी अर्जावर रुंदी लिहिली. देवमनने सही केली, माणिकबाईने केली. बोरखडीचा पहिला अर्ज! त्या दिवशी पानठेल्यावर कोणीही आवाज दिला नाही. जूनअखेरपर्यंत आणखी सहा जण आले, त्यात पुंजाजीही होते, आणि यावेळी त्यांना हिव वाजत नव्हतं. तालुक्याच्या बैठकीत बोरखडीच्या ओळीला सात आला. वरचे साहेब म्हणाले, "ढोके, तुमची जनजागृती फळली बघा." गोवर्धन सायेब "होय सर" म्हणाले. खरं सांगायला गेले असते तर तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

सगळ्यांनी अभिनंदन केलं. माणिकबाईने मात्र विचारलं, "अन् तुमचा?"

"माहा काय, लावतो दोन झाडं तेवढ्याच पट्टीत. योजनेत बसो का न बसो."

"नाई, तसं नाई," ती एकदम हळू आवाजात म्हणाली. "देवमनचं अन् माहं काय, आमी शेजारी. तुमचा तं भाऊ हाय ना, सायेब." आणि दोडक्याची चार फळं तोडून तिने त्यांच्या पिशवीत घातली. त्यांनी पैसे द्यायचा प्रयत्न केला तर म्हणाली, "फीतीचं भाडं समजा."

जुलैत, पेरण्या उरकल्यावर, गोवर्धन कवठाळीला गेले. पिशवीत पाच रोपं: सीताफळाची चार आणि कडुनिंबाचं एक. घरी गेलेच नाहीत, सरळ वावरात गेले. पुन्हा पायरीवर बसून दोर वळताना बघत राहायची त्यांची छाती नव्हती. गाडवाटेने चालत वळले आणि थांबले.

धुरा ओळखू येईना. मधली जुनी पट्टी, त्यांच्या बाजूने सोडलेली जमीन, आणि पलीकडे भावाच्या वावरातही रुंद, मोकळी, न पेरलेली पट्टी. कपाशी तिथून लांबवर सुरू झालेली. आणि बरोबर त्या जागी, जिथे बाबांचा निंब होता, एक खड्डा खणून तयार. शेजारी शेणखताचं टोपलं. टोपल्याशेजारी खुशालराव उकिडवे बसून बिडी पेटवत होते.

"उशीर केला," ते म्हणाले. "खड्डा केव्हाचा वाळून राहिला."

गोवर्धन खड्ड्यापर्यंत आले. ते पिशवी घेऊन तसेच उभे राहिले.

"मोज ना," खुशालराव म्हणाले. "तुह्या खात्याले फूट लागते म्हणे."

"फीत नाई आणली, भाऊ."

"फीत कायले पाह्यजे? बाबानं काय फीतीनं मोजला होता?"

गोवर्धननी बूट काढले, मोजे काढले. ओल्या काळ्या मातीत अनवाणी पाऊल ठेवलं आणि टाचेला अंगठा लावत भावाच्या कपाशीपासून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. खुशालराव उठून सोबत चालत होते, ओठ हलवत, लहानपणी गोट्या मोजायचे तसे. सहा. सात. आठ. आठ भरले तेव्हा गोवर्धन थांबले. त्यांची स्वतःची कपाशी अजून पुढे होती. पुढे आणखी एक पाऊल मावलं, आणि वर चार बोटं.

"नऊ भरले," ते म्हणाले. "बाबाचा तं आठच होता, भाऊ. म्या दोनच तास सोडले होते. हिशोब चुकला कुठी तरी."

"नाई चुकला," खुशालराव म्हणाले. त्यांनी निंबाचं रोप पिशवीतून काढलं, खड्ड्याशी बसले आणि मान वर न करता भावाच्या हातात दिलं. "तू दोन सोडले, म्या तीन सोडले. मोठा आहो ना बे मी. धर सरकं, वाकडं लागन."